उद्दिष्टांचा ताळेबंद : सोलापूर महापालिकेची प्रगती मोजायची कशी?

केंद्र सरकारने २८ जानेवारी २०१६ रोजी स्मार्ट सिटी अभियानातील पहिल्या वीस शहरांची नावे जाहीर केली, त्यांत सोलापूर नवव्या स्थानी होते. मुदतवाढी घेत घेत ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. दरम्यान मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १०२ सदस्यांचे लोकनियुक्त सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. एक मोठे अभियान संपले आहे आणि नवे सभागृह बसले आहे, अशा वेळी एक प्रश्न नीट मांडून घ्यायला हवा : ठरवलेल्या उद्दिष्टांच्या दिशेने शहर किती पुढे गेले, हे कोण, कशावरून आणि कोणापुढे सांगणार? देशात या प्रश्नावर गेली पंधरा-वीस वर्षे चर्चा चालू आहे. तिचा आढावा इथे सोलापूरच्या संदर्भात घेतला आहे. या आढाव्यातून माझे जे मत झाले ते सुरुवातीलाच सांगतो. सोलापुरात उद्दिष्टे लिहिली जातात सेवेच्या भाषेत, आणि प्रगती नोंदली जाते कामांच्या व खर्चाच्या भाषेत. ही फट बुजल्याशिवाय कोणताही डॅशबोर्ड किंवा देशपातळीवरचा क्रमांक शहराविषयी फारसे सांगू शकत नाही.

उद्दिष्टे लिहिली कुठे जातात?

सोलापूर महापालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली. पण आजच्या बहुतेक प्रश्नांची मुळे १९९२ च्या हद्दवाढीत आहेत. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी भोवतालची गावे त्या वर्षी शहरात आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. क्षेत्र पाचपटीहून अधिक वाढले, उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नाही. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द तीन दशकांनंतरही सोलापूरकरांच्या तोंडी आहे, यातच त्या भागाची नळ, ड्रेनेज आणि रस्त्यांची कहाणी आली. शहराच्या प्रगतीचा कोणताही एकच सरासरी आकडा सांगितला, की गावठाण आणि हद्दवाढ यांतला हा फरक त्या आकड्याच्या पोटात दडतो. पुढच्या सगळ्या चर्चेत हे लक्षात ठेवावे लागेल.

महापालिकेची उद्दिष्टे एका ठिकाणी सापडत नाहीत. पहिले ठिकाण म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास आराखडा. त्यात शाळा, बागा, दवाखाने, रस्ते यांच्यासाठी आरक्षणे असतात आणि विशेष म्हणजे कायद्यानेच त्यांना घड्याळ लावले आहे. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. दुसरे ठिकाण वार्षिक अंदाजपत्रक. तिसरे ठिकाण केंद्र व राज्याच्या योजनांसाठी पाठवलेले प्रस्ताव. त्या त्या योजनेची भाषा त्यांत उतरते. चौथे म्हणजे सेवा मानके. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी २८ निर्देशक ठरवून दिले. माणशी रोज १३५ लिटर पाणी, शंभर टक्के जोडण्या, चोवीस तास पुरवठा, बिनहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत, अशी त्यांची पातळी आहे. तेराव्या वित्त आयोगाने कामगिरी अनुदानासाठी घातलेल्या अटींत ही मानके जाहीर करण्याची अट होती, त्यामुळे महापालिकांना दरवर्षी आपले आकडे आणि पुढच्या वर्षीचे लक्ष्य प्रसिद्ध करावे लागले. आयोगाची मुदत २०१५ मध्ये संपली, पण चौदाव्या वित्त आयोगानेही कामगिरी अनुदानासाठी ही अट पुढे चालू ठेवली.

हे चारही कागद एकमेकांना जोडलेले नाहीत. अंदाजपत्रकातील एखाद्या तरतुदीमुळे कोणत्या सेवेचा कोणता आकडा किती हलणार आहे, हे तिथे लिहिलेले नसते. महापालिका अधिनियमाने आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक केले आहे. म्हणजे अहवाल देण्याची रीत कायद्याला परकी नाही. तशी रीत सगळ्या सेवांना मिळून लागलेली नाही, एवढेच.

पाण्याचा दाखला

मोजण्याच्या पद्धतीने काय दिसते आणि काय लपते, हे सोलापुरात पाण्याइतके दुसरीकडे कुठेच स्पष्ट होत नाही. शहराचे पाणी तीन ठिकाणांहून येते : उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, टाकळी येथे भीमा नदीतून, आणि १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या एकरुख म्हणजे हिप्परगा तलावातून. नदीतून पाणी घ्यायचे तर उजनीतून भीमेत आवर्तन सोडावे लागते आणि वाटेतले बाष्पीभवन, पाझर व उपसा भागवण्यासाठी शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी जाते. म्हणूनच उजनी ते सोलापूर अशी सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी हे स्मार्ट सिटीच्या काळातले सर्वांत मोठे उद्दिष्ट ठरले. तिची क्षमता आधी रोज ११० दशलक्ष लिटर ठरली होती, पुढे ती १७० झाली. स्मार्ट सिटीचा निधी आणि एनटीपीसी या वीज कंपनीचा वाटा यांतून ते काम उभे राहिले. मक्तेदार बदलला, वाद लवादापर्यंत गेला, मुदती उलटल्या. या सगळ्या वर्षांत प्रगतीचा आकडा एकच होता : किती किलोमीटर पाइप टाकून झाला.

तो आकडा खोटा नव्हता. पण उद्दिष्ट पाइपचे नव्हते, नळाचे होते. सोलापूरकर अनेक वर्षे तीन ते पाच दिवसांआड पाण्यावर दिवस काढत आले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. माणशी १३५ लिटर धरले तर रोजची गरज सुमारे १२८ दशलक्ष लिटर होते. शहरात रोज येणारे एकूण पाणी लोकसंख्येने भागले की माणशी सरासरी मानकाच्या आसपास दिसू शकते, आणि त्याच वेळी पूर्व भागातल्या विडी कामगाराच्या घरी चार दिवस नळ कोरडा असू शकतो. समजा, पाच माणसांच्या घराला पाचव्या दिवशी पाच दिवसांचे पाणी एकदम मिळाले. मानकाप्रमाणे ते ३,३७५ लिटर होते, म्हणजे दोनशे लिटरची सतरा पिंपे. एका खोलीच्या घरात सतरा पिंपे मावत नाहीत. ज्याच्याकडे जमिनीखाली टाकी, मोटर आणि गच्चीवर दुसरी टाकी आहे, त्याला मानकाएवढे पाणी मिळते. ज्याच्याकडे नाही, त्याला भांड्यांत मावेल तेवढेच. सरासरी तीच राहते. तासांच्या निर्देशकाचीही हीच गत. पाचव्या दिवशी तीन तास पाणी आले तर रोजची सरासरी ३६ मिनिटे निघते, आणि त्या ३६ मिनिटांत दोन पाळ्यांमधले अंतर कुठेच उमटत नाही.

म्हणून सोलापुरात पाण्याची प्रगती मोजायची तर सर्वांत प्रामाणिक आकडा दोन पाळ्यांमधल्या दिवसांचा आहे, आणि तो भागवार हवा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. पाळीच्या दिवशी वस्तीची चावी कर्मचारी सोडतो आणि बंद करतो. चावी कोणती, किती वाजता सोडली, किती वाजता बंद केली, शेवटच्या घरापर्यंत दाब पोचला की नाही, एवढ्या चार नोंदी प्रत्येक पाळीला झाल्या, तर सहा महिन्यांत शहराच्या पाण्याचा असा नकाशा तयार होईल की कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा तो उपयोगी ठरेल. धरणापासून शहरापर्यंत पाणी वाढले तरी जलकुंभ, अंतर्गत वाहिन्या आणि गळती यांचे काम मागे राहिले असेल तर पाळी बदलत नाही. कामाची अडचण नेमकी कुठे आहे, हे चावीची नोंदच दाखवते. मुख्य वाहिनीची टक्केवारी ते दाखवू शकत नाही.

मापनाविषयीच्या चार भूमिका

या विषयात ढोबळमानाने चार भूमिका दिसतात. पहिली प्रशासनाची. तिचे म्हणणे असे की महापालिकेच्या हातात कामे असतात, परिणाम नसतात. निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक या कागदांवर टिकेल तेवढेच मोजावे. या भूमिकेत तथ्य आहे. जुना पुणे नाका आणि जुना बोरामणी नाका इथून निघणाऱ्या, अनेक वर्षे चर्चेत असलेल्या दोन उड्डाणपुलांचेच पाहा. अडले कुठे, तर भूसंपादनात. टप्प्याटप्प्याने लिहिलेला कामांचा तक्ता ही गाठ ताबडतोब दाखवतो. केंद्रानेही स्मार्ट सिटी अभियानाचा शेवटचा हिशेब असाच मांडला : देशभरात आठ हजारांवर प्रकल्प, त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्ण. पण याच पद्धतीची मर्यादा सोलापूरच्या परिवहन उपक्रमाने आधीच दाखवून दिली होती. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या अखेरच्या टप्प्यात शहराला नव्या बस मिळाल्या. खरेदीच्या तक्त्यात ते उद्दिष्ट पूर्ण झाले. त्यांतल्या अनेक गाड्यांच्या चासीला तडे गेल्याचे आढळले आणि त्या आगारात उभ्या राहिल्या. रोज किती बस मार्गावर धावल्या आणि किती प्रवासी बसले, हा आकडा मुख्य धरला असता तर चित्र पहिल्याच वर्षी उलटे दिसले असते.

दुसरी भूमिका तुलनेची. शहरांना एकाच फूटपट्टीने मोजले, क्रमांक दिले, की चुरस लागते आणि सुधारणा होते, असे ती मानते. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ मध्ये ७३ शहरांनिशी सुरू झाले आणि कचरा हा विषय त्याने महापालिकांच्या बैठकीत वर आणला, हे मान्यच करावे लागेल. राज्य सरकारने २०२५ मध्ये कार्यालयांसाठी राबवलेला १०० दिवसांचा कार्यक्रमही याच विचाराचा. त्याचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून झाले. अडचण येते ती काळाच्या तुलनेत. जगण्याच्या सुलभतेच्या निर्देशांकात २०१८ मध्ये पुणे देशात पहिले होते आणि २०२० च्या फेरीत बंगळुरूच्या मागे दुसरे आले. दरम्यान पद्धत बदलली होती : दशलक्षाहून मोठी आणि लहान अशी शहरांची विभागणी झाली, नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन आले. मग पुणे घसरले की फूटपट्टी बदलली, हे त्या क्रमांकावरून सांगता येत नाही. क्रमांक एका शहराची दुसऱ्याशी तुलना करतो. उद्दिष्टाचा पाठपुरावा म्हणजे शहराची स्वतःच्याच मागच्या वर्षाशी तुलना, आणि तिला व्याख्या स्थिर लागते.

तिसरी भूमिका लोकप्रतिनिधित्वाची. ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकेला स्वराज्य संस्था म्हटले, तेव्हा प्रगतीचा हिशेबही सभागृह, प्रभाग समिती आणि नागरिक यांच्यापुढेच झाला पाहिजे, असे तिचे म्हणणे. मुंबईत १९९७ पासून काम करणाऱ्या प्रजा फाउंडेशनने नगरसेवकांची प्रगतिपुस्तके काढून, आणि पुण्याने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेऊन, या विचाराची दोन रूपे दाखवली. स्मार्ट सिटीसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली तेव्हा आक्षेप आला तो याच बाजूने : राज्य व महापालिकेची निम्मी-निम्मी मालकी असलेली कंपनी कामे करणार, तर सभागृहाला विचारायचे कोण? कंपनीच्या बाजूने उत्तर होते की वेगाने निर्णय आणि राखीव निधी यांसाठी ही रचना लागते. प्रशासकीय राजवटीत हा वाद आणखी धारदार झाला, कारण सभागृहाचे व स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडेच आले. काम करणारा आणि त्याची तपासणी करणारा एकच झाला. अनेक प्रशासकांनी त्या काळात मेहनतीने काम केले असेल, तरी ही रचनेतली त्रुटी आहे आणि ती व्यक्तीने भरून निघत नाही.

चौथी भूमिका अधिकाराच्या मर्यादेची. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, आणि महापालिका राज्याच्या भरपाई अनुदानावर विसंबली. पाणी सोडायचे ते जलसंपदा विभागाने, उड्डाणपूल बांधायचा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने. मग परिणामांसाठी महापालिकेला जबाबदार कसे धरायचे? उलटी उदाहरणेही आहेत. शहरातील असंघटित कामगारांसाठी झालेले सर्वांत मोठे घरबांधणीचे काम म्हणजे कुंभारी येथील तीस हजार घरांचे रे नगर. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारातून ते उभे राहिले, महापालिकेच्या हद्दीबाहेर. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. विमानसेवेचा अडथळा ठरलेली साखर कारखान्याची चिमणी महापालिकेने जून २०२३ मध्ये पाडली, आणि प्रत्यक्ष विमान उडाले ९ जून २०२५ रोजी, इतर यंत्रणांच्या कामानंतर. श्रेय आणि जबाबदारी अशी वाटलेली असते.

सेवेच्या नोंदीवरचे आक्षेप

कामांऐवजी सेवा मोजावी, तीही भागवार, या मताला तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला, आकडे सजवले जातील. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९४ मध्ये आकडेवारीवर आधारलेली आढावा बैठक सुरू केली, तिच्यावरून बाल्टिमोरने मार्टिन ओ’मॅली महापौर असताना २००० मध्ये सगळ्या नगरसेवांसाठी सिटीस्टॅट ही पद्धत आणली. दर दोन आठवड्यांनी खातेप्रमुखांना आकड्यांसकट उभे राहावे लागे. पद्धत गाजली. पण न्यूयॉर्कमध्ये पुढे गुन्हे सौम्य कलमांखाली नोंदवले गेल्याचे आरोपही झाले. यावर उपाय असा, की नोंद करणारा आणि पडताळणारा वेगळा ठेवावा आणि आकडा असा निवडावा जो नागरिकाला स्वतः तपासता येतो. माणशी लिटर कोणालाच घरी तपासता येत नाही. पाणी कोणत्या तारखेला आले, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत असते. खोटी नोंद तिथे दुसऱ्याच दिवशी उघडी पडते.

दुसरा आक्षेप असा की भागवार आकडे जाहीर केले तर नगरसेवकांत ओढाताण होईल आणि तांत्रिक गरजेऐवजी आवाज पाहून पाणी वाटले जाईल. ही भीती खोटी नाही. पण आकडे नसतानाही ओढाताण होतेच, फक्त ती बंद दाराआड होते आणि हद्दवाढ भागातला नवा सदस्य तीत कमी पडतो. उघड्या तक्त्यावर निदान कोणाची मागणी रास्त आहे हे दिसते. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. मंजूर पदे रिकामी असताना नोंदी ठेवायच्या कोणी? याचे उत्तर निर्देशकांची संख्या कमी करण्यात आहे. अठ्ठावीस निर्देशक अर्धवट भरण्यापेक्षा पाच नीट भरावेत : पाण्याच्या दोन पाळ्यांमधले दिवस, घंटागाडी न आलेले दिवस, ड्रेनेजची तक्रार निकाली निघायला लागलेला वेळ, मार्गावर धावलेल्या बस, आणि प्रक्रियेशिवाय नाल्यात गेलेले सांडपाणी. अधिकाराच्या मर्यादेचाही विचार इथेच करता येतो. प्रत्येक आकड्यासमोर तो महापालिकेच्या हातातला किती आणि दुसऱ्या यंत्रणेचा किती, असा रकाना ठेवला तर जबाबदारी कोणाची ते स्पष्ट होते, आणि राज्याकडे मागणी करतानाही तोच कागद हाताशी येतो.

अजून न सुटलेले

काही प्रश्नांची उत्तरे या चर्चेत अद्याप कोणाकडेच नाहीत. अभियान संपल्यावर स्मार्ट सिटी कंपन्यांनी उभारलेली नियंत्रण केंद्रे, त्यांतली यंत्रणा आणि साठलेली माहिती कोणाची, आणि तिच्या देखभालीचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात कुठून येणार, हे शहरागणिक वेगवेगळ्या रीतीने हाताळले जात आहे. पडताळणी कोणाकडे द्यावी, यावरही एकमत नाही. लेखापरीक्षक खर्च तपासतो, सेवा नाही. विद्यापीठ किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला ते काम दिले तर त्याला कायद्याचे बळ नाही. राज्याच्या कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे, तिचा वापर मात्र जवळपास झालेला नाही. चांगला आकडा दाखवणाऱ्या शहराला जास्त निधी द्यावा की वाईट आकडा प्रामाणिकपणे दाखवणाऱ्याला, हे कोणत्याही वित्त आयोगाला अजून समाधानकारकपणे ठरवता आलेले नाही. आणि जोवर ते ठरत नाही, तोवर खरा आकडा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे नुकसान होण्याची शक्यता उरतेच.

सर्वांत निकडीचा प्रश्न आधाररेषेचा आहे. आज माणशी काढलेला प्रत्येक आकडा २०११ च्या लोकसंख्येवर किंवा तिच्या अंदाजावर उभा आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तो आकडा आला की १२८ दशलक्ष लिटरची गरज बदलेल, जोडण्यांची टक्केवारी बदलेल, आणि लोकसंख्या दहा लाखांवर गेलेली निघाली तर सोलापूर तुलनेच्या वेगळ्याच गटात जाईल. त्यानंतर कोणताही आकडा वर-खाली झाला तर तो सेवेमुळे झाला की भाजक बदलल्यामुळे, हे ओळखणे कठीण होईल. पाळीचे दिवस आणि घंटागाडीचे खाडे यांना लोकसंख्येने भागावे लागत नाही, म्हणून त्यांची भागवार नोंद जनगणनेआधीच्या वर्षात झाली तर ती २०२७ नंतरही तुलनेला चालेल. नव्या सभागृहाच्या पहिल्याच पूर्ण आर्थिक वर्षात हे करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी कोणत्याही योजनेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.